बालरोगतज्ज्ञपदी निवड

एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आमच्या हॉस्टेलवर एकच विषय असायचा, पुढे कोण काय घेणार. मेसच्या रांगेत तोच, वॉर्डातून परतताना जिन्यात तोच. रेडिओ, स्किन, ऑर्थो, पेड्स अशी शाखांची नावं आम्ही अर्धी तोडून घ्यायचो, भावकीतल्या माणसांची घ्यावीत तशी. माझ्या शेजारच्या खोलीतला मित्र डॉक्टर आईवडिलांचा मुलगा. रविवारी घरी जाऊन आला की तो काहीतरी नवं ऐकून यायचा. अमक्या कॉलेजात काम फार, पण हात तयार होतो. तमक्या ठिकाणी शिकवायलाच कोणी नाही. "जेवताना विषय निघाला," असं तो सहज म्हणायचा. मला त्या जेवणाचा हेवा वाटायचा.

आमच्या घरी जेवताना विषय निघतो तो भाताच्या रोपाचा, नाहीतर वडिलांच्या पाळीचा. वडील घोटावड्याच्या बाजूला एका कारखान्यात माल चढवायचं-उतरवायचं काम करतात. आई घरची शेती बघते. आमचं गाव पुण्याजवळ मुळशीत, पौडच्या पश्चिमेला, मालेच्या अलीकडे. घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. माझी परीक्षा असली की लावणीच्या ऐन गर्दीतही आईने मला कधी बांधावर बोलावलं नाही, आणि वडिलांनी घरातला टीव्ही जो बंद केला तो मी कॉलेजला लागेपर्यंत. मुलगा डॉक्टर होणार, एवढं एक वाक्य त्यांना कळलं होतं आणि तेवढ्यावर त्यांनी सगळी वर्षं काढली. त्यानंतर आणखी एक परीक्षा असते, मग शाखा, मग कॉलेज, मग आणखी तीन वर्षं, हे सांगायला घेतलं की मीच मध्ये थांबायचो. आई ऐकायची, पण तिच्या चेहऱ्यावर काळजी दिसायला लागायची. माझं काहीतरी अडलंय आणि मी ते गोल गोल फिरवून सांगतोय, असं तिला वाटत असावं.

मला बालरोग घ्यायचं होतं. ते कसं ठरलं ते सांगतो.

मी पौडला मराठीतून शिकलो. मेडिकलची पहिली दोन वर्षं वर्गात माझं तोंड उघडलं नाही. पुढे वॉर्डात पेशंटच्या पलंगाशी उभं राहून केस मांडायची वेळ आली. सर इंग्रजीतून विचारणार, आपण इंग्रजीतून सांगणार. उत्तर माहीत असायचं, पण वाक्य जुळेपर्यंत सर पुढच्याकडे वळलेले असायचे. बालरोगाच्या वॉर्डात पहिल्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "कोणी काही बोलू नका. दारातच उभे राहा आणि ते मूल बघा." आईच्या मांडीवर एक वर्षभराचं मूल होतं, पुढ्यात प्लॅस्टिकची गाडी. आम्ही घोळका करून बघत राहिलो. मग मॅडमनी काय दिसलं ते विचारलं. बाकीच्यांनी आजारांची नावं सांगितली. माझ्यावर पाळी आली तेव्हा मी मराठीतच बोलून गेलो, "मॅडम, ते सगळं एकाच हाताने घेतंय. दुसरा हात पुढे करतच नाहीये."

मॅडम म्हणाल्या, "बरोबर. या वयात मूल असा एक हात निवडत नाही, निवडला तर दुसऱ्यात जोर कमी आहे असं समजायचं. आणि तुम्ही सगळे आधी जाऊन त्याला चिकटला असतात तर ते रडलं असतं, आणि हे कोणालाच दिसलं नसतं."

त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की गप्प राहता येणं हेही कुठेतरी कामाचं आहे. मी त्या वॉर्डात माझी पाळी नसतानाही जायला लागलो. हॉस्टेलवर सांगितलं तेव्हा सगळे हसले.

"पेड्स? अरे, एक पेशंट बघायचा म्हणजे आजीपासून आत्यापर्यंत सगळं खानदान बघायचं!"

"आणि पेशंट अंगावर मुतणार ते वेगळंच."

"मुतू दे," मी म्हणालो. त्यावर आणखी हसले. मीही हसलो. पण मला ते खरंच कोणाशी तरी बोलायचं होतं. तयारी कधी सुरू करायची, कोणती कॉलेजं चांगली, कमी रँकवर कुठे आशा ठेवायची. मॅडमना विचारलं, त्यांनी वेळ काढून सांगितलंही. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण त्यांच्या दाराबाहेर नेहमी चारपाच माणसं उभी असायची, आणि माझे प्रश्न असे होते की जे जेवताना, हात वाळेपर्यंत बोलावेत.

इंटर्नशिप संपल्यावर मी मारुंजीत एका खोलीत जागा धरली. गावी अभ्यास झाला नसता. घरात शांतता मिळाली असती, पण गावात मी एमबीबीएस होऊन आलेला डॉक्टर होतो, आणि दिवसभर पुस्तक घेऊन बसलेला डॉक्टर कोणाला समजला नसता. मारुंजीत कोणी कोणाला विचारत नाही. ज्या घराच्या वर आम्ही राहायचो ते तिथल्या जुन्या शेतकऱ्यांचं. जमिनीवर आता इमारती आहेत, आणि घरमालकीण खाली ओट्यावर बसून भाडेकरूंच्या चपला मोजल्यासारख्या बघत असायच्या. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. खोलीत माझ्याशिवाय दोघे, हिंजवडीला कंपनीत कामाला. चांगली मुलं होती. कानाला हेडफोन लावून हिंदी-इंग्रजीत बोलत बसायची, मी कोपऱ्यात सराव परीक्षा सोडवत असायचो. आमच्यात भांडण कधी झालं नाही, कारण बोलणंच फार झालं नाही. दिवसपाळीला मी जवळच्या एका लहान हॉस्पिटलात ड्युटी डॉक्टर म्हणून जायचो, उरलेला वेळ अभ्यासिकेत. कधीकधी दिवसाअखेरीस लक्षात यायचं की पेशंट सोडून आज आपण कोणाशी बोललोच नाही, आणि पेशंटांशी बोललो तेही "किती दिवसांपासून?" एवढंच.

पुढच्या शिक्षणाच्या प्रवेश परीक्षेचा निकाल लागला तेव्हा गणपती तोंडावर आले होते. माझी रँक वाईट नव्हती, पण सुखाने झोपावं अशीही नव्हती. बालरोग मिळेल, कदाचित नाही मिळणार, अशी काठावरची. मी घरी फोन केला. आईच्या हातातून फोन माझ्या चुलतभावाने घेतला. तो माझ्याहून लहान, स्वतःचा टेम्पो चालवतो आणि गावच्या मंडळाचं सगळं तोच बघतो.

"दादा, काय झालं?"

"पास झालो. रँक आली. आता लहान मुलांच्या डॉक्टरसाठी अर्ज करणार."

"लहान मुलांचं? लई भारी! आये, आपला लहान मुलांचा डॉक्टर झाला!"

मागे आई काहीतरी बोलली, मग फोन कटला.

त्या शनिवारी मी गावी गेलो. फाट्यावर उतरलो आणि समोर मीच होतो. मंडळाच्या गणपतीचा फ्लेक्स छापायला टाकलाच होता, त्याच्याच शेजारी तेवढ्याच उंचीचा माझा. 'मुळशीचे भूषण', मग माझं नाव, आणि खाली ठळक अक्षरांत, 'यांची बालरोगतज्ज्ञपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. फोटो एका मित्राच्या लग्नातला. शेजारचे कापून टाकले होते, पण माझ्या खांद्यावर कोणाचा तरी हात तसाच राहिला होता. गळ्यात स्टेथोस्कोप कुठून तरी आणून चिकटवलेला. खाली शुभेच्छुकांचे चेहरे दोन रांगांत, आणि त्यात एका कोपऱ्यात माझे वडील, कुठल्या तरी ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावलेले, थोडे धूसर.

चुलतभाऊ मंडपाच्या बांबूंजवळच सापडला.

"आरं, निवड झाली न्हाई अजून," मी म्हणालो. गावात उतरलो की माझंही बोलणं आपोआप गावचं होतं.

"मंजी? पास झालास ना?"

"पास झालो. पण आता फेऱ्या असत्यात. आपण कॉलेजांची यादी भरायची. मग नंबर लागला तर लागला."

"लागंल की. तुझा न्हाई लागायचा तर कुणाचा लागायचा?"

"मग लागंस्तवर उतरव ते."

तो हसायलाच लागला. बांबू धरून उभ्या असलेल्या पोरांनाही त्याने हसायला लावलं. "दादा, फ्लेक्स कुणी उतरवत नस्तंय. वर दुसरा चढतो, मग खालचा आपोआप जातो. मधीच उतरवला तर लोकं म्हनत्याल, डॉक्टरचं रद्द झालं."

"मग ते निवड तरी काढा. पदी निवड मंजी काय, मी काय निवडणुकीला उभा व्हतो?"

"त्यो दुकानवाला म्हनला, सगळ्यांचं असंच टाकत्यात. उपसरपंचाचं बी असंच व्हतं."

घरी वडील ओट्यावर पाय धूत होते. त्यांना मी सगळं नीट सांगितलं, परीक्षा म्हणजे काय, फेऱ्या म्हणजे काय, अजून काहीच हातात नाही ते. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "लोकांनी हौसेनं लावलंय. ऱ्हाऊ दे." थोड्या वेळाने, पाय पुसता पुसता, "माझा बी फोटू लावलाय. बघितलास का?"

बघितला, म्हणालो. त्यानंतर मी उतरवायचं नाव काढलं नाही.

आमच्याकडे अशी गोष्ट एकदा फाट्यावर लागली की ती झालीच. दुसऱ्याच रविवारी लोक मुलांना घेऊन ओट्यावर यायला लागले. खोकला, खरूज, जेवत नाही, माती खातं. माझं एमबीबीएस झालेलं होतं, नोंदणी होती, तेवढं मी बघू शकत होतो आणि बघायचो. जे माझ्यापलीकडचं वाटेल त्याला पौडला सरकारी दवाखान्यात पाठवायचो. आई सगळ्यांना पाणी द्यायची. तिला इतकं आनंदात मी फार दिवसांनी बघत होतो. आणि प्रत्येक जण जाताना विचारायचा, "दवाखाना कुटं टाकताय, डॉक्टर?" मी म्हणायचो, बघू. हळूहळू मी दर रविवारी गावी जाणं कमी केलं. ड्युटी आहे म्हणून सांगायचो, आणि बहुतेक वेळा ती असायचीही.

पहिल्या फेरीची यादी भरताना मी फक्त बालरोग भरलं. जवळची कॉलेजं वर, मग लांबची, मग ज्यांची नावं नकाशात शोधावी लागली अशी. हॉस्पिटलातल्या दुसऱ्या ड्युटी डॉक्टरने डोकावून बघितलं आणि म्हणाला, "एकच शाखा? तुझ्या पप्पांचं हॉस्पिटल आहे का रे?" मी नाही म्हणालो. "मग एवढा माज कशाचा?" तो चेष्टेत म्हणाला, पण प्रश्न खरा होता. यादी मी तशीच पक्की केली.

दिवाळीच्या सुमाराला पहिली फेरी लागली. माझं नाव कुठेच नव्हतं. खोलीतले दोघे सुट्टीला गावी गेले होते. खाली मावशींच्या नातवंडांचे फटाके चालू होते. मी यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत बघितली, नाव नसलं तरी बघतातच तशी. मग लॅपटॉप मिटला आणि घरी गेलो, कारण दिवाळी होती. घरी कोणी काही विचारलं नाही. विचारण्यासारखं काही आहे हेच कोणाला माहीत नव्हतं. फाट्यावर फ्लेक्समधल्या माझ्या कपाळावर पाण्याचे ओघळ सुकून गेले होते. चुलतीने ओवाळलं आणि म्हणाली, "आता काय, झाला एकदाचा सगळ्यातनं मोकळा." मी पाटावर बसून मान हलवली.

दुसऱ्या फेरीच्या आधी शेजारच्या खोलीतल्या त्या मित्राचा फोन आला. त्याला पहिल्याच फेरीत रेडिओलॉजी मिळाली होती. तो मनापासून काळजीने बोलत होता.

"ऐक माझं. खाली पॅथॉलॉजी टाक. रँकमध्ये बसतंय तुझ्या. नाहीतर वर्ष जाईल हातातून."

"मला प्रयोगशाळेत नाही बसायचं रे."

"अरे, वर्षभर अभ्यासिकेत बसशील त्यापेक्षा बरं ना? आणि एकदा लागलं की सगळं आवडायला लागतं. बायकोसारखं."

"तुला काय माहीत बायकोचं?"

"बाबा म्हणतात," तो म्हणाला आणि हसला.

मी पॅथॉलॉजी टाकलं. बालरोगाच्या सगळ्या नावांखाली, चार कॉलेजं. यादी पक्की करायला अजून अवधी होता. त्या शनिवारी गावी गेलो. भाताची झोडणी चालू होती, आई-वडील दोघंही खळ्यावर. घरी मी एकटाच होतो तेव्हा एक माणूस मुलीला घेऊन आला. वडिलांच्याच कारखान्यात कामाला होता, फ्लेक्स बघून आला होता. मुलगी अडीच-तीन वर्षांची असेल.

"साहेब, लई हट्टी हाय. हाक मारली तरी बघत न्हाई. बोलत बी न्हाई. घरचे म्हनत्यात, उशिरा बोलंल. तुमी तज्ज्ञ, तुमीच सांगा."

मी दारातच थांबलो. मुलगी ओट्यावर बसून शेंगा एकेक करून वाटीत टाकत होती. चेहरा हुशार. इतक्यात आत मांजराने भांड्यावरचं झाकण पाडलं, मोठा आवाज झाला. बाप दचकला, मी दचकलो. मुलगी शेंगाच बघत होती. मग बाप पुढे आला, त्याची सावली तिच्यावर पडली, तशी तिने पटकन वर बघितलं आणि त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली.

मी तिच्या मागे जाऊन टाळी वाजवली, आणखी एकदोन साध्या गोष्टी करून बघितल्या. मग त्याला सांगितलं की ही हट्टी नाही. हिला बहुतेक ऐकू येत नाही. पुण्याला मोठ्या रुग्णालयात कानाची तपासणी करावी लागेल आणि ती लवकर करायला हवी. कुठे जायचं, कोणत्या विभागात, ते कागदावर लिहून दिलं.

त्याने कागद घेतला, पण तो खूश नव्हता. "बोर्डावर तज्ज्ञ लिवलंय," तो म्हणाला, "आन् तुमी बी दुसरीकडंच धाडताय व्हय?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. खऱ्या तज्ज्ञानेही तिला तपासणीला पाठवलंच असतं, पण त्याने पुढचंही सांगितलं असतं. तपासणीत काय निघालं तर काय करायचं, बोलणं शिकवायला किती लागतं, कानाचं मशीन कधी, ऑपरेशन कधी. बाप ते विचारत होता आणि मी पुस्तकातल्या दोन ओळींपुढे जाऊ शकत नव्हतो. पुढे त्याने तिला नेलं की नाही, मला कळलं नाही. वडिलांना विचारायला सांगितलं तर तो माणूस तोवर कारखाना सोडून गेला होता.

मारुंजीला परत आल्यावर मी यादी उघडली आणि खालची चार नावं काढून टाकली. मित्राला कळवलं नाही. घरी कळवण्यासारखं नव्हतंच. खोलीतला एक जण म्हणाला, "भाई, खाना मंगवा रहे हैं, तेरे लिए भी?" मी हो म्हणालो. यादी पक्की केली आणि आम्ही तिघांनी पेपर पसरून जेवून घेतलं.

दुसऱ्या फेरीतही माझं नाव नव्हतं.

ते दिवस मला अजून नीट आठवत नाहीत. सकाळी ड्युटी, परत येणं, झोपणं. हॉस्टेलचे बहुतेक मित्र आपापल्या कॉलेजात रुजू झाले होते, ग्रुपवर त्यांच्या ड्युट्यांची रडगाणी यायची. मला तेही वाचवत नव्हतं. मॅडमना फोन करावा असं पुष्कळदा वाटलं. पण काय सांगणार? त्यांनी 'खाली काही टाकलं होतंस का?' असं विचारलं असतं तर मला खोटं बोलता आलं नसतं आणि खरं सांगायचीही लाज वाटली असती. सगळ्यांत अवघड होतं ते घरचा फोन. आईचा आवाज इतका निर्धास्त असायचा. माझं दुःख तिला सांगायचं तर आधी तिचा आनंद मोडावा लागला असता. आणि तो आनंद फक्त तिचा नव्हता, फाट्यापासून घरापर्यंत सगळ्यांचा होता. मी पुन्हा वर्षभर अभ्यासाला बसण्याची तयारी मनात करत होतो. ते घरी कोणत्या शब्दांत सांगायचं, तेवढंच सुचत नव्हतं.

तिसरी फेरी थंडीत लागली. सकाळची वेळ, खोलीत कोणी नव्हतं. मी यादी उघडली, आणि माझं नाव होतं. बालरोग, विदर्भातलं एक सरकारी कॉलेज. माझ्या यादीत ते बरंच खाली होतं. मी पुन्हा वाचलं. मग उठून खिडकीपाशी गेलो, परत येऊन पुन्हा वाचलं. खाली टेम्पो मागे घेतल्याचा आवाज येत होता, कोणीतरी "आने दो, आने दो" ओरडत होतं. मला मोठ्याने काहीतरी बोलावंसं वाटत होतं. आईला फोन लावला. ती पावट्याच्या शेंगा तोडत होती.

"आई, नंबर लागला. बालरोगाला."

"मंग? लागलाच व्हता की."

"त्यो न्हवता लागला. आत्ता लागला."

"आस्सं? आन् गणपतीत लावलं व्हतं ते काय व्हतं मग?"

"ते नुसतं पास झालो व्हतो."

"बरं. चांगलं झालं. जेवलास का?"

तिला आनंद झाला नाही असं नाही. तिचा आनंद आधीच होऊन गेला होता. मी चुलतभावाला मेसेज टाकला. त्याचं उत्तर आलं, "दादा तेच ना? का अजून एक?" मी लिहिलं, तेच. "मग परत फ्लेक्स नको ना?" नको, लिहिलं. तोवर फाट्यावर माझ्यावर कोणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स चढलाही होता. मित्राने ड्युटीतूनच दोन शब्द पाठवले. मॅडमचा फोन लागला नाही.

मी खाली जाऊन पेढे घेतले. ते घेईपर्यंत कोणाला द्यायचे याचा विचार केला नव्हता. जिन्याशी मावशी होत्या, त्यांच्यापुढे डबा धरला.

"कशाचं हो, डॉक्टर? लग्न ठरलं काय?"

"नाही मावशी, शिकायला नंबर लागला. लहान मुलांचा डॉक्टर व्हायला. तीन वर्षं."

मावशींचा पेढा तोंडाजवळ थांबला. "मंजी अजून शिकायचंच हाय? डॉक्टर न्हाई तुमी?"

"आहे की. हे त्याच्या पुढचं."

"आन् मी तुमाला बीपी दाखवलं त्या दिवशी! गोळी बी बदलली तुमी!"

"ती गोळी बरोबर आहे, मावशी."

"बघा बाई," त्या म्हणाल्या आणि पेढा खाल्ला. "खोली कवा सोडताय मग? एक जण इचारून गेलाय."

निघायच्या आदल्या दिवशी घरी गेलो. वडिलांनी नकाशा बघायला मागितला. मी मोबाइलवर दाखवला. ते बोटाने आपल्या मुळशीच्या धरणाचा निळा डाग शोधत राहिले, तो सापडल्यावर तिथून उजवीकडे सरकत गेले. बराच वेळ सरकावं लागलं. "लांब हाय," एवढंच म्हणाले. आई म्हणाली, "हितं पोरं घेऊन येत्यात, त्यांना काय सांगू?"

"पौडला न्या म्हणून सांग."

"तेवढं ठावं हाय त्यांना. त्येवढ्यासाठी येत न्हवती ती."

सकाळी वडिलांची पहिली पाळी होती, ते माझ्याआधी गेले. मी फाट्यावर उभा राहून गाडीची वाट बघितली. वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचा माणूस माझ्या ओळखीचा नव्हता. कोणीतरी मोटारसायकलवरून जाताना विचारलं, "काय डॉक्टर, ड्युटीला?" मी हात केला.

रुजू झालो त्या दिवशी वॉर्डात मला कोणी ओळखत नव्हतं, आणि मला त्याचं बरं वाटलं. माझ्याहून एक वर्ष पुढची सीनियर एका पलंगाशी उभी राहून सलाइनची पट्टी चिकटवत होती. केस कसेतरी बांधलेले, खिशात तीन पेनं. तिने माझ्याकडे न बघताच विचारलं, "पेड्स आवडीने घेतलंस, का रँकमुळे?"

गेल्या कितीतरी महिन्यांत लोकांनी माझं अभिनंदन केलं होतं. दवाखाना कुठे, लग्न कधी, बीपीची गोळी सकाळी का रात्री, सगळं विचारलं होतं. हे कोणीच विचारलं नव्हतं. अभ्यासिकेत बसून मी या प्रश्नाचं उत्तर मनात पुष्कळदा तयार केलं होतं, सविस्तर, अगदी क्रमाने. त्यातला एकच शब्द बाहेर पडला.

"आवडीने," मी म्हणालो. माझा आवाज जरा चढला असावा, कारण तिने आता वर बघितलं.

"पहिल्या दिवशी सगळे हेच म्हणतात. दोन महिन्यांनी परत विचारते." तिने पट्टी दाबून बसवली. "खिडकीजवळचं बाळ सकाळपासून अंगावर नीट पीत नाहीये. आई घाबरलीय. जा, तिच्याजवळ बस. मी आलेच."

मी खिडकीपाशी स्टूल ओढलं. आई माझ्याच वयाची असेल. पदराखाली बाळ, डोळ्यांत झोप नसल्याची लाली. तिने माझ्या नव्या कोऱ्या एप्रनकडे बघितलं.

"डॉक्टरसाहेब, तुम्ही नवीन हाय का जी?"

"हो," मी म्हणालो, "आजच आलोय."